पुण्याहून बोरीला, दोन डझन माश्या तरंगवायला

हा प्रवास मी हौसेनं केला नाही. पुण्याच्या कॅम्पात बंदुका आणि मासेमारीचं सामान विकणारं एक दुकान आहे, तिथं मी दुरुस्तीचं काम करतो. साहेबलोक गळाला जी खोटी माशी लावतात ती विलायतेहून डबीत बंद होऊन येते. कोंबड्याचं पीस रेशमी दोऱ्यानं गळावर गुंडाळलेलं, एवढाच तिचा थाट. मी एक उसवून पाहिली आणि तशीच बांधली. मग माझी बायको यमुना बांधू लागली, आणि खोटं कशाला बोलू, तिची माझ्यापेक्षा सरस उतरली.

मालकांनी माशी भिंगाखाली धरून पाहिली. "दिसायला झकास आहे, गणपत. पण ही पाण्यावर तरंगायची माशी. बुडाली की मासा तिच्याकडे ढुंकून बघत नाही. आपले कर्नलसाहेब नारायणगावच्या पुढं, बोरीला नदीकाठी तंबू ठोकून बसलेत. दोन डझन घेऊन जा. त्यांना पसंत पडल्या तर यापुढं दुकानाच्या माश्या तुझ्या घरच्या. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

यमुना महिनाभर दोरा-पिसं घेऊन खिडकीशी बसली होती. निघताना तिनं डबी माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाली, "बुडू देऊ नका." 

दिवाळी नुकतीच झाली होती. या बाजूला जायचं तर हेच दिवस बरे. नाशिकच्या सडकेवर चिखल वाळलेला असतो आणि नद्यांना उतार असतो. टांगा मात्र थोडे पैसे जास्त देऊन मजबूत बघून घ्यावा. माझा नव्हता. खेडच्या पुढं त्यानं असे हिसके दिले की मी डबी मांडीवर धरून बसलो. मंचरला धर्मशाळेत मुक्काम केला. जागा फुकट, पिठलं-भाकरी दोन आण्यांत, ढेकूणही फुकट. सकाळी घोड नदी ओलांडताना चाक दगडावर चढलं आणि धपकन आपटलं. पिशवीतून वास आला. मालकांनी माश्यांना चोळायला दिलेल्या विलायती तेलाची बाटली फुटली होती. सगळं तेल माझ्या धोतरजोडीनं आणि यमुनेच्या दशम्यांनी पिऊन टाकलं होतं.

हे तेल म्हणजे त्या माशीचा प्राण. पिसाच्या केसांना ते लावलं की केस पाणी पीत नाहीत, आणि माशी चवड्यांवर उभं राहिल्यासारखी पाण्यावर राहते. तेलाशिवाय चार फेकी, फार तर पाच. 

"एवढं काय व्हतं त्यात?" टांगेवाल्यानं विचारलं.

"तेल होतं."

"मंग नारायणगावात घ्या की राव. लई मोठा बाजार हाय."

नारायणगावचा बाजार खरंच मोठा, आणि खरेदी सगळी मारवाडी पेठेत. राकेल चांगलं गाळून घेतलं तर निभावेल असं मी मनाशी ठरवलं. राकेलची दुकानं दोनच, समोरासमोर. पहिल्या दुकानात पांढऱ्या पगडीचे एक म्हातारे शेठजी बसले होते. त्यांनी फडक्यानं गाळलेलं पाणी दिलं, पुण्याची हालहवाल विचारली. मग म्हणाले, "दिव्याला का, पावणं?"

हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण चिंतेत माणसाची जीभ सुटते. मी सगळं सांगितलं. डबी उघडून माश्यासुद्धा दाखवल्या.

शेठजींनी मापटं खाली ठेवलं. "जीव मारायला माझ्या दुकानातनं तेल जायचं न्हाई. राग धरू नका. आणिक पाणी घ्या हवं तर."

समोरच्या दुकानात त्यांचा पुतण्या. त्यानं सगळं ऐकलं होतं. मी पायरी चढायच्या आत त्यानं नाही अशी मान हलवली. मला राग आला, आणि राग धरायला जागा नव्हती म्हणून जास्तच आला.

तिथून बोरी बुद्रुकला बैलगाडी. रस्ता मऊ मातीचा, धूळ भरपूर. डोक्याला फडकं बांधून बसावं. बाजूला ज्वारी पोटरीला आलेली. दुसरं कुणी असतं तर खूश झालं असतं. कर्नलसाहेब लांब शिकारीला गेले होते, उद्या सकाळी नदीवर ये असा निरोप ठेवून. मी गावाबाहेर एका विहिरीच्या थारोळ्याशी, मोटेचं पाणी पडतं तिथं, जाऊन बसलो. विहिरीवर धोंडीबा नावाचे म्हातारे शेतकरी मोट हाकत होते.

"तोंड का असं सुतकी?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा सगळं सांगितलं. म्हटलं, आता काय जायचं राहिलंय?

ते हसले. "पान्यानं भिजू नये असं तेल पायजे व्हय? आवं, आमची मोट दिसभर पान्यातच असती. चामडं कुजत न्हाई ते कशानं?" त्यांनी खोपटातून काळ्या चिकट तेलाचं मडकं आणलं. करडई बंद मडक्यात जाळून काढलेलं तेल. मोटेच्या चामड्याला आणि ती ओढायच्या नाड्याला हेच लावतात.

मी अधाशासारखी एक माशी त्यात बुचकळली आणि बैलांच्या पाण्याच्या दगडी डोणीत सोडली. ती दगडासारखी तळाला गेली. दुसरीही. यमुनेच्या दोन माश्या काळ्या गोळ्या होऊन पडल्या होत्या. मला रडू येईल असं वाटलं.

"आसं लोणच्यावानी न्हाई माखायचं," धोंडीबा म्हणाले. "मोटंलाबी आमी चोळतो. बोटाला लागंल इतकंच घ्यायचं, चोळायचं, उनात ठिवायचं."

मग तिसऱ्या माशीला मी तसं केलं. बोट नुसतं टेकवलं, केस न् केस चोळला, फुंकर घालून फुलवला, उन्हं कलेपर्यंत वाळवला. मग ती डोणीत सोडली. धोंडीबा बैल हाकत गेले, मी डोणीवरून नजर काढली नाही. दहा मोटा उपसून झाल्या. मोटेगणिक थारोळ्यातून पाण्याचा लोट येऊन डोण हलायची, माशी डुलायची आणि पुन्हा उभी राहायची.

"ऱ्हायली की!" धोंडीबा म्हणाले. उरलेल्या एकवीस माश्यांना मी तसंच चोळलं आणि सकाळच्या पहिल्या उन्हात वाळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुकडीवर गेलो. बोरीपाशी नदी खडकांतून उतरते. पाणी नितळ, थंड. अशा माशीवर झडप घालणारा विलायती ट्राउट मासा इथं नाही हे कर्नलसाहेबांना माहीत होतं. पुढच्या उन्हाळ्यात काश्मिरात त्याच्या मागे जायचं, त्याची ही तालीम. ते जुन्या वळणाचं, परीक्षेपुरतं शिकलेलं मराठी बोलत. "आपली माशी दाखवावी," म्हणाले, आणि दोरी हवेत मागं-पुढं झुलवून माशी हलकेच पाण्यावर ठेवली.

मी फेकी मोजत होतो. चार, पाच, दहा, पस्तीस. मग मोजणं थांबवलं. माशी बुडाली नाही. पण मासाही लागला नाही. एकदा एक रुपेरी मासा वर आला, माशीच्या खाली क्षणभर थांबला आणि निघून गेला. मला वाटलं, त्याला करडईचा वास आला.  संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "काय लावलेत?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी मालकांच्या नावे इंग्रजीत चिठ्ठी लिहिली, पाकीट चिकटवलं आणि माझ्या हाती दिलं. इंग्रजी मला कुठं येतं? चिठ्ठी बंडीच्या खिशात घेऊन मी परतलो, आणि ती निखाऱ्यासारखी जाळत होती.

नारायणगावात मान खाली घालून निघालो होतो, तर शेठजींनी हाक मारली. "पावणं, किती मासे धरले?"

"एकही नाही."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "सांगता काय! बसा, बसा." त्यांनी घरातून बुंदीच्या लाडवांचा पुडा मागवला आणि माझ्या हातात कोंबला. "घरी न्या. पोराबाळांना द्या. लई चांगलं झालं." माझ्या फजितीचे लाडू घेऊन मी टांग्यात बसलो.

पुण्यात मालकांनी चिठ्ठी फोडली, दोनदा वाचली आणि मला मराठीत सांगितली. मासा लागला नाही, दोष नदीचा किंवा खुद्द साहेबांचा. माश्या सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत एकदाही बुडाल्या नाहीत. काश्मिरासाठी सहा डझन बांधाव्यात आणि त्या काळ्या तेलाची बाटली द्यावी.

मी घरी पळतच आलो. यमुनेनं सगळं ऐकून घेतलं. मग डोळे पुसून तिनं पुडा उघडला, एक लाडू हातात घेतला. "हे कुणी दिले?"

मी सांगितलं. मासे वाचले म्हणून शेठजींनी दिले.

तिनं लाडवाकडे पाहिलं, खिडकीत ठेवलेल्या पिसांकडे पाहिलं, आणि लाडू परत पुड्यात ठेवला. दोरा घट्ट बांधून पुडा फडताळात ठेवत म्हणाली, "तेल आणायला जाल तेव्हा ज्यांचे त्यांना देऊन या. आणि काय झालं तेही सांगा."

पुडा फडताळात आहे. पुढल्या सोमवारी मला बोरीला निघायचं आहे, आणि नारायणगावच्या बाजारातून जाणारी सडक एकच आहे.