फोनवरून काढलेली दृष्ट

आमच्याकडे राहून काम करणारी सुमन स्वयंपाकघरात चक्क मोबाइलची दृष्ट काढत होती. डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये तिची लहानगी दिसत होती. दूर गावाकडे, आजीच्या मांडीवर, तापाने मलूल झालेली. सुमनच्या मुठीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या. “आल्याची गेल्याची, घरच्याची दारच्याची...” पुटपुटत ती मूठ फिरवत होती. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तरी मी दारात गुपचूप उभी राहिले.

मध्येच रेंज गेली. पोर दिसेनाशी झाली. सुमनची मूठ मात्र काळ्या काचेवरून फिरतच राहिली.

पोटासाठी गाव सोडताना माणूस हात तेवढे बरोबर आणतो; ते ज्यांच्यावरून फिरायचे, ती माणसं मागे राहतात.

तिने मूठ तापल्या तव्यावर टाकली. मिरच्या जळल्या, पण ठसका काही लागला नाही.

“ठसका नाही, म्हणजे दृष्टच होती बघ,” मी उगाच धीर देत म्हणाले. “आणि लेकरांना आईचीच आधी लागते गं.”

सुमनने विझलेला फोन पदराने पुसला.

“माझी कशी लागंल, ताई? मी कुठं तिला डोळे भरून बघितलंय?”