तडेरावांचा काटा

बाटल्यांच्या कारखान्यात त्यांचं काम एकच. तयार बाटली उजेडासमोर धरायची, नखानं टिचकी मारायची आणि तडा आहे की नाही ते सांगायचं. म्हणून सगळे त्यांना तडेराव म्हणत. घरदार सोडून लांब नोकरीला आलेल्या या माणसानं ही सवय फाटकाबाहेरही सोडली नव्हती. दूधवाल्याच्या मापात, साहेबाच्या हसण्यात, शेजाऱ्याच्या कुलपात, जिथं तिथं त्यांना तडा दिसे. लोक ताक फुंकून पितात, हे गृहस्थ पाणीसुद्धा फुंकून पीत.

सुट्टीच्या दिवशी मात्र खोली खायला उठायची. म्हणून वसतिगृहातल्या तिघांनी ‘चला आमच्याबरोबर’ म्हटल्यावर तडेराव निघाले. भट्टीवाला, कारखान्याच्या दवाखान्यातली सिस्टर आणि खोलीतला जोडीदार ड्रायव्हर. शनिवारी एखादा डोंगर, रविवारी पाय भरून आले असतील तर गावातली मोठी बाग. कारण नसताना बोलावतात म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, हे तडेरावांनी पहिल्याच दिवशी ताडलं. तेव्हापासून ते सगळ्यांच्या मागे चालत. आपल्या पाठीशी कोणी नको आणि इतरांच्या पाठी डोळ्यांसमोर हव्यात, एवढाच हिशेब.

बायको फोनवर विचारायची, “माणसं कशी आहेत हो ती?”

“अजून कळलं नाही.”

“अहो, वर्ष होत आलं!”

“तेच म्हणतोय मी. वर्षभरात काहीच कसं सापडत नाही?”

अलीकडे ते लंगडत होते. बूट चावतोय, असं त्यांचं मत. दुकानदारानं खोटा माल गळ्यात मारला, याबद्दल तर खात्रीच होती. बूट त्यांनी उजेडासमोर धरून पाहिला, आत हात घालून चाचपला, टाचेवर टिचकीही मारली. स्वतःची टाच तेवढी बघायची राहिली.

त्यातच शुक्रवारी त्यांनी भट्टीवाल्याचा सगळा माल नाकारला. बाटल्या पुन्हा वितळवायला गेल्या. भट्टीवाला नुसतं “बरं” म्हणाला. चार शिव्या दिल्या असत्या तर तडेराव निर्धास्त झोपले असते, पण त्या ‘बरं’नं त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

संध्याकाळी ते भांडी घासायला सामाईक स्वयंपाकघराकडे गेले, तर आतून भट्टीवाल्याचा आवाज आला.

“उद्या वर पोचलो की तडेरावांचा काटा काढायचा. आता लांबवण्यात अर्थ नाही.”

“इथंच काढला तर?” ही सिस्टर.

“इथं ते हाताला लागतील होय? वर एकदा बसले की ड्रायव्हरनं मागून धरायचं.”

“ओरडले तर?” ड्रायव्हरनं विचारलं.

“तिथं कोण ऐकतंय?”

“मग धारदार काय लागेल ते मी आणते,” सिस्टर म्हणाली, आणि तिघंही हसले.

तडेराव खरकटी भांडी घेऊन तसेच मागे फिरले. भीतीपेक्षाही त्यांना वाईट वाटत होतं, आणि त्याचंच त्यांना नवल वाटलं. एवढा संशय धरूनही, तो खोटा निघावा असं मनातून वाटत होतं की काय? रात्री त्यांनी बायकोला फोन करून तिघांचं वर्णन सांगून ठेवलं. पण जायचं टाळलं नाही. न गेल्यावर माघारी काय शिजवतील याचा नेम नव्हता.

दुसऱ्या दिवशी चढणीवर ते इतके मागे राहिले की पुढच्यांना तीनदा थांबावं लागलं. माथ्याजवळच्या सपाट कातळावर सगळे बसले. तडेरावही कड्यापासून लांब जागा बघून टेकले. लगेच ड्रायव्हरनं मागून येऊन त्यांचे दंड धरले आणि भट्टीवाला समोर उकिडवा बसला.

“मी घरी सांगून आलोय!” तडेराव किंचाळले. “कोणाबरोबर आलोय ते सगळं सांगितलंय! आणि त्या मालात तडे होते, देवाशपथ होते!”

“होतेच की,” भट्टीवाला म्हणाला. “मलाही दिसले होते. बूट काढा.”

“बूट?”

सिस्टरनं पिशवीतून सुई, चिमटा आणि एक बारीकसं पातं काढलं. “तीन आठवडे बघतेय मी, तुम्ही टाच टेकवतच नाही. दवाखान्यात या म्हणावं तर तुम्ही म्हणणार, ही मला रजेवर बसवून माझी जागा दुसऱ्याला देणार. हो की नाही?”

तडेरावांनी नेमकं हेच म्हटलं असतं. टाचेतून तांदळाएवढा काळा काटा निघाला. सिस्टरनं तो त्यांच्या तळहातावर ठेवला, तेव्हा तपासायचं सोडून ते नुसतेच त्याच्याकडे बघत बसले.

“पण तुम्हाला कळलं कसं?” त्यांनी शेवटी विचारलं. “मी तर सगळ्यांच्या मागे असतो.”

“म्हणूनच,” भट्टीवाला पट्टी बांधायला मदत करत म्हणाला. “मागे तडेराव आहेत म्हणजे आपल्यातलं कोणी मागे पडणार नाही, असं आम्ही धरूनच चालतो. इतकं सांभाळून कोण घेतं परक्या ठिकाणी? तुम्ही आमच्यावर लक्ष ठेवता, मग म्हटलं, तुमच्यावर कोण ठेवणार?”

तडेरावांना लाज वाटली. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलंही. पण तिघांचे चेहरे इतके स्वच्छ होते की सांगायचा धीर झाला नाही.

उतरताना सिस्टर म्हणाली, “आज तुम्ही मधे चाला.”

“नको,” ते म्हणाले. “मी मागेच बरा.”

रस्ता झाडीत शिरला. वळणावर पुढचे दिसेनासे झाले आणि तिकडून ड्रायव्हरची हाक आली, “तडेराव, आहात ना मागे?”

“आहे रे, आहे,” तडेरावांनी ओरडून सांगितलं, आणि निदान इथून पुढे तरी तिघांचा तो समज खरा ठरावा म्हणून पाय झपाझप उचलले.