माळ पाण्यात बुडवणारे इनास मास्तर

आमच्या उत्तनात इनास मास्तरांच्या तावडीतून एकही वस्तू कोरडी सुटली नाही. आधी वजन करायचं, मग ती खुणा केलेल्या काचेच्या भांड्यात बुडवायची, पाणी किती चढलं ते वाचायचं आणि वजनाला त्या आकड्यानं भागायचं. झाली घनता. शाळेत मुलांना हे शिकवत, ते ठीक. पण बाजारचा बटाटा, जाळ्याचं शिसं, चर्चमधल्या मेणबत्तीचं बूड, सगळं त्या भांड्यात डुबकी मारून आलं होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण बहुधा त्याच पाण्यावरून निघाली असावी.

१९३८ साली त्यांच्या मुलीचं, लुईझाचं, शेजारच्या चौक गावातल्या पेद्रूशी जमलं. पेद्रू स्वतःच्या होडीचा धनी, आणि लुईझाला मनापासून आवडलेला. मासळी सुकवतानाही ती उगाच हसायची. ठरल्या दिवशी पेद्रूची आई रोजाबाय मुलीला घालायची सोन्याच्या मण्यांची माळ ताटात घेऊन आली. पेले मांडलेले होते. रीत अशी, की माळ सगळ्यांनी नुसती बघायची, छान म्हणायचं आणि पेले उचलायचे, की सोयरीक पक्की. मास्तरांनी तराजू उचलला.

माळ भरली सत्तावीस ग्रॅम. पाणी चढलं तीन खुणा.

"सत्तावीस भागिले तीन, नऊ," मास्तर म्हणाले. "सोन्याची घनता एकोणीस. नऊ म्हणजे तांबं. रोजाबाय, सोनारानं तुम्हाला फसवलंय, नाहीतर तुम्ही आम्हाला."

दाराआडून लुईझा म्हणाली, "बा, मन्यांत लाख भरलेली असते. सोनं नुसतं वरनंच हाय."

"गणितात बायकांनी बोलू नये!"

तिथल्या प्रत्येक बाईच्या गळ्यात तशीच माळ होती, आणि मणी चेपला की आतली लाख दिसते हे प्रत्येकीला ठाऊक होतं. पण पुरुषांनी तोवर माना डोलावल्या होत्या. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर काय!

रोजाबायनं ओली माळ पदराला पुसली. "माजी सासू ही घालून मेली," ती म्हणाली. "चल रं पेद्रू." पेद्रूनं एकदा दाराकडं बघितलं आणि तो आईमागून गेला.

दुसऱ्या दिवशी लुईझानं मेलेल्या आईची माळ त्याच भांड्यात सोडली. उत्तर नऊच्या आसपासच आलं. "आयची बी तांब्याची का?" तिनं विचारलं, आणि अडकित्त्यानं एक मणी फोडून आतली लाख बापाच्या तळहातावर ठेवली.

तेव्हा चौकला रोजाबायकडं जाऊन दोन शब्द बोलले असते, तर सगळं सावरलं असतं. पण मास्तर म्हणाले, "म्हणजे माझा भागाकार बरोबरच होता. मणीच निर्भेळ नव्हते." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मला त्या माणसाचा अजून राग येतो. ईस्टरनंतर पेद्रूनं डोंगरीची मुलगी केली. लुईझाला दुसरं स्थळ आलं नाही. आपल्या घरचं सोनं बुडवून घ्यायला कोण येणार?

सत्तेचाळीस साली मास्तर अंथरुणाला खिळले. लुईझानं सगळं केलं, पेज भरवली, अंग पुसलं. पाणी मात्र ती त्याच खुणांच्या भांड्यातून पाजायची. मी एकदा बघायला गेलो, तेव्हा मास्तर कण्हत म्हणाले, "पोरी, घरात पेले नाहीत का गं?"

"हायत ना, बा," लुईझा म्हणाली. "त्या दिवशी मांडलेले. कोनी उचललेच न्हाय."