पाठीमागचा हात

सुदाम काका गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात तापलेली सोल्डरगन होती. पलीकडून पारूकाकू एवढंच म्हणाल्या, "माय, तुझे काका गेले गं..." मी आधी गन स्टँडवर ठेवली आणि मग भिंतीला टेकले. ही सवय त्यांचीच. बातमी कसलीही असो, गरम हत्यार आधी जागेवर. बेंगळुरूहून जवळा बाजार या गावी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. नंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तेवढी हजर राहू शकले. त्याला आता महिना होईल. आठवीतच शाळा सुटलेली, लिहायची सवय नाही. चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

जवळा बाजारात काकांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरची. बंद पडलेला मिक्सर घेऊन गेले, तो उघडताना बघत उभी राहिले, आणि मग रोजच जायला लागले. विशीतली पोरगी पेचकस घेऊन बसलेली बघून लोक हसायचे. "काय सुदामराव, मानसं मिळंनात का?" काका मान वर न करता म्हणायचे, "मिळालं की. ह्ये काय बसलंय." त्यांचा एक नियम होता. वीज चालू असलेल्या बोर्डला हात लावायचा तर एकच लावायचा, डावा पाठीमागं. दोन्ही हात गुंतले तर झटका छातीतून जातो. मी ओढणीचं टोक मागं डाव्या मुठीत धरून बसायची. काका म्हणायचे, "बराबर. टोक सुटलं की समजायचं, हात पुढं आला."

एका सोयाबीनच्या हंगामात ट्रॅक्टर तोलायच्या वजनकाट्यावरचा जुना, ढेरपोट्या मॉनिटर दुकानात आला. आत पाल शिरून बोर्डवरच जळाली होती. काट्याचं मशीन इतकं जुनं, की नवा सपाट पडदा त्याला लागतच नव्हता. म्हणजे हाच चालू करायचा. काका सामान आणायला वारंगा फाट्याला गेले आणि जाताना जळका भाग साफ करायला मला सांगून गेले. मी घाईत ब्लेड जोरात चालवलं... कोळशाबरोबर बोर्डवरच्या, वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या तीन पट्ट्याही उचकटून आल्या. आता काका म्हणणार, उद्यापासून येऊ नको. मग मी कुठं जाऊ? दुसरं काही मला करायचंच नव्हतं.

काका परत आले तेव्हा मी म्हणाले, "पट्ट्या आधीच तुटलेल्या होत्या, काका."

त्यांनी बोर्ड उन्हात तिरका धरला. "पालीनं जाळलेलं तांबं काळं पडतं, माय. ह्ये तर घासलेल्या लोट्यावानी चमकून राहिलंय."

रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. तेवढ्यात काटेवाला आला. "काहून येळ लागून राहिला? ट्रॅक्टरची लाइन लागलीय माझ्या दारात."

"आमच्याकडून पट्ट्या तुटल्या," काका म्हणाले. "आमीच जोडून देतो. तीन दिवस द्या."

"तुमच्याकडून, का हिच्याकडून?"

"दुकानाकडून."

त्या बोर्डचा नकाशा कुठंच नव्हता. काकांनी बोर्डमागं बल्ब लावला, उजेडात पट्ट्यांच्या सावल्या दिसल्या, आणि मी त्या एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं उतरवल्या. मग तुटलेल्या जागी तारेचे तुकडे जोडले. काका नुसते शेजारी बसून होते, सोल्डरगन माझ्याच हातात. चालू करताना मॉनिटरची वीज आधी शंभर वॅटच्या बल्बमधून द्यायची; बल्ब भगभगला तर आत शॉर्ट आहे. पहिल्या दिवशी बल्ब भगभगला. "काढ. फिरून बघ." दुसऱ्या दिवशी बल्ब मंद झाला, पण पडद्यावर चित्र म्हणून नुसती एक आडवी रेघ. मला रडू आलं. "न्हाई जमायचं माझ्याच्यानं, काका."

"रेघ आली म्हंजी पडद्याची नळी जित्ती हाय. जित्त्या मानसाला टाकून कुनी उठतं का? बस खाली."

बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या एका जोडाभोवती केसाएवढी चीर होती. तो जोड मी पुन्हा भरला. मॉनिटर चालू केला, रेघ वर-खाली फाकत गेली, आणि पडद्यावर हिरवी शून्यं उभी राहिली. मी ओरडलेच. काकांनी मात्र पडद्याकडे बघितलं नाही. आधी वाकून माझ्या पाठीमागं बघितलं. ओढणीचं टोक मुठीत होतं. मग म्हणाले, "व्हय. आता काटेवाल्याला फोन लाव. तूच सांग."

त्या तीन दिवसांच्या जोरावर मी आज इथं बेंगळुरूला बोर्ड दुरुस्तीच्या कारखान्यात आहे. भाषा परकी, सोबतच्या पोरी डिप्लोमावाल्या, आणि आपल्याला कधीही घरी पाठवतील ही धाकधूक अजून गेलेली नाही. इथल्या बोर्डांना पाच व्होल्ट असतात, कुणालाच झटका बसत नाही. तरी डावा हात पाठीमागं जातोच. पोरी हसतात.

मागच्या आठवड्यात माझ्या हातून एक पट्टी उचकटली. केसाहून बारीक. वर बोर्डसारखाच हिरवा रंग फिरवला असता तर कुणाला दिसली नसती. ब्रश उचललाही होता... पण भिंगाखाली ते तांबं घासलेल्या लोट्यासारखं चमकत होतं. मी ब्रश खाली ठेवला. सोल्डरगन आधीच स्टँडवर होती. डावा हात मागंच होता. उजव्या हातानं बोर्ड वर धरून मी सुपरवायझर साहेबांना हाक मारली.

"सर, माझ्याकडून तुटलंय. मीच जोडते."