भाऱ्यांचा गाडा

काल आईची मान डॉक्टरांना दाखवायला तिला लोणावळ्याला नेत होतो. वलवणजवळ रिक्षात जळक्या ऑइलचा वास शिरला आणि मला आमचा गाडा आठवला. तेव्हा मी शर्यतींत पळायचो. मोसम संपला की आंदर मावळात घरी यायचो. त्या सुट्टीत दोन मित्रांबरोबर मी भंगारातल्या स्कूटरचं इंजिन लावून गाडा बनवला, खाचरातले भाताचे भारे चढावर आणायला. चाचणीला गवत लादलं, गाडा धडधडत वर चढला. आई म्हणाली, “आता माजी मान वाचली रं बाबा.” मग मी सरावाच्या शिबिराला गेलो. भातकापणीला परतलो, तर आई डोक्यावर भारा घेऊन तोच चढ चढत होती. गाडा मित्रांनी वलवणच्या एका रिसॉर्टला विकला होता. मी तावातावाने जाब विचारला. एक जण म्हणाला, “तू पळत लांब जाशील. आमाला हितंच ऱ्हायचंय.” काल त्या वासामागे वळून पाहिलं. कुंपणाआड तोच गाडा, लाल रंग फासलेला, पर्यटकांच्या पोरांना फिरवत होता. आई समोर बघत बसली होती. मानेला लावलेल्या पट्ट्यामुळे तिला मान वळवता येत नाही, याचं काल पहिल्यांदा बरं वाटलं.