तिकीटबाईंचं तळं

तिकीटबाईंनी अठ्ठावीस वर्षं राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर तिकिटं फाडली, पण आत एकदाही पाऊल टाकलं नाही. आपल्याच कचेरीत फिरायला कोण जातं? मात्र "आत काय बघावं?" असं कोणी विचारलं, की बाई भिंतीवरच्या नकाशाकडे बघून ठणकावून सांगायच्या, "सरळ तळ्यावर जा. हरणं दिसणारच!" बाहेर पडायचं फाटक पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे तक्रार करायला कोणी परत येत नसे.

निवृत्त झाल्यावर ऐन उन्हाळ्यात बाई हौसेनं आत गेल्या. तळं ठणठणीत कोरडं! काठावर एक कुटुंब दुर्बीण घेऊन बसलेलं, मुलं उन्हानं लालबुंद. बाप करवादला, "खिडकीवरची मुलगी म्हणाली, तळ्यावर हरणं दिसणारच!"

ती मुलगी बाईंनीच तयार केलेली. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता वर्षभर जाणार," त्यांनी घरी जाहीर केलं. "कधी कुठे काय दिसतं, ते डोळ्यांनी बघून लिहून काढणार."

"गुडघे तुझेच आहेत ना, की भाड्याचे?" नवऱ्यानं विचारलं.

"माझेच आहेत, म्हणून झिजवतेय."

पावसाळ्यात जिकडेतिकडे पाणी, हरीण औषधालाही नाही. पायाला जळवा तेवढ्या लागल्या. हिवाळ्यात धुकं हटेपर्यंत बाई काठावर कुडकुडत बसल्या, आणि समोर चांगली तीस-चाळीस हरणं! आपण अगदीच थापा मारत नव्हतो, म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला. पुढे तळं आटू लागलं, तशी खुरांची वाट टेकडीकडे वळली. बाई तिच्यामागे निघाल्या. गुडघा टम्म सुजला. दगडावर बसून त्यांनी तो चोळला, दोन शिव्या घातल्या आणि पुन्हा चढायला लागल्या. वर झरा होता, आणि सगळा कळप तिथे.

त्यांनी सगळं स्वच्छ अक्षरात लिहून साहेबांकडे नेलं. साहेब म्हणाले, "वरून मंजुरी आल्याशिवाय खिडकीवर कागद लावता येणार नाही, बाई."

"बरं," म्हणून बाई बाहेर आल्या आणि तिकिटाच्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढच्या बाईला म्हणाल्या, "तळ्यावर जाऊ नका, कोरडं आहे. टेकडीवरच्या झऱ्यावर जा."

"पण खिडकीवर तर तळंच सांगतात."

"मीच शिकवलंय त्यांना," बाई रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षं न बघता सांगत होते, चुकलं माझं. चला, दाखवते."