हजेरीमावशी आणि नववा बाक

चर्चमध्ये झाडू मारणाऱ्या बाईला दीडशे माणसं तोंडपाठ असावीत, अशी कुणाची अपेक्षा नसते. हजेरीमावशींना ती पाठ होती, आणि तीसुद्धा बाकांप्रमाणे. बाजारातून आल्या की सुनेला सांगायच्या, "आज तिसऱ्या बाकावरच्या, खिडकीकडच्या ताई भेटल्या. पाचव्यावरच्या मधल्या भावांना नात झाली म्हणे." सून विचारायची, "म्हणजे नक्की कोण हो?" मावशींना या प्रश्नाचा रागच यायचा. बाक सांगितला, जागा सांगितली, आता आणखी काय फोटो काढून आणायचा?

सव्वीस वर्षं त्या चर्च झाडत होत्या, पुसत होत्या, उघडत आणि बंद करत होत्या. रविवारी उपासना सुरू झाली की दाराशी उभ्या राहून बाकांवरून नजर फिरवायच्या. माणसं ठरलेल्या जागीच बसतात, हे त्यांच्या पथ्यावर पडलं होतं. कुठल्याच बाकावर कुणाची पाटी नव्हती, पण चुकून कुणी दुसऱ्याच्या जागी बसलंच, तर जागेचा मालक असा काही बघायचा, की पाहुणा पहिल्या प्रार्थनेआधीच उठायचा. पहिलं गीत संपायच्या आत मावशींना कळलेलं असायचं, आज कोण नाही. मग उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठायच्या. "सहाव्या बाकावरच्या आजी दोन रविवार दिसल्या नाहीत. जाऊन या." पाळकसाहेब तरुण, नुकतेच बदलून आलेले. सुरुवातीला त्यांना ही लुडबुड वाटली. मग साथ आली.

चर्चला कुलूप लागलं आणि उपासना फोनवर गेली. पाळकसाहेबांकडे सभासदांचं रजिस्टर होतं, पण त्यातले निम्मे नंबर कधीच बंद पडलेले, आणि काही सभासद तर थेट देवाघरी पोचलेले. फोनवर कोण ऐकतंय, कोण नाही, काही पत्ता लागेना. चौथ्या आठवड्यात मावशी धूळ झाडायला म्हणून आत गेल्या, सवयीने दाराशी उभ्या राहिल्या आणि रिकाम्या बाकांची हजेरी घेऊ लागल्या. या बाकावरच्यांची खबर आहे. या कोपऱ्यातल्या बाईंचा कालच फोन झाला. असं करत करत नवव्या बाकाशी आल्या, खांबामागच्या भिंतीकडच्या जागेपाशी, आणि अडल्या. तिथे घड्याळजी बसायचे. एकटा जीव, घड्याळं दुरुस्त करायचं छोटं दुकान, बोलणं मोजकं, फोन साधा बटणांचा. महिनाभरात त्यांच्याबद्दल कुणी एक शब्द काढला नव्हता.

तोंडाला मास्क लावून त्या तशाच निघाल्या. दुकानामागच्या खोलीचं दार वाजवलं, तर आतून नुसता कण्हण्याचा आवाज. चार दिवस ताप अंगावर काढला होता त्या माणसाने. अँब्युलन्स आली, घड्याळजी दवाखान्यात गेले आणि सतरा दिवसांनी परत आले. अर्धे होऊन, पण आले. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

घड्याळजींना दवाखान्यात पोचवल्याच्या दुसऱ्याच दिवशी पाळकसाहेबांनी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर चर्चचा नकाशा काढला. मावशी बाकामागून बाक सांगत गेल्या आणि ते लिहीत गेले. प्रत्येक बाकाने आपल्या बाकावरच्यांना रोज एक फोन करायचा, असं ठरलं. साथीत मंडळीतलं कुणी दगावलंच नाही असं नाही. तिघं गेले, आणि मावशी तिघांसाठीही रडल्या. पण कुणाला पत्ताच नाही आणि माणूस गेला, असं एकदाही झालं नाही.

त्यामुळे वर्षभराने पंचकमिटीने बैठक बोलावून बाक काढून टाकायची गोष्ट काढली, तेव्हा चहा घेऊन आत येणाऱ्या मावशींना आपलंच घर कुणी विकायला काढल्यासारखं वाटलं.

कमिटीचे अध्यक्ष निवृत्त इंजिनियर होते. फळा दिसला की खडू हातात आलाच. पुन्हा अशी साथ आली तर आपली तयारी काय, असा विषय होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. बाक फरशीत बोल्टने आवळलेले, हलवता येत नाहीत. अंतर ठेवायचं म्हटलं की निम्मी मंडळी बाहेर. त्याऐवजी खुर्च्या आणायच्या. आत मांडा, अंगणात मांडा, चार हात लांब मांडा. वेळ पडली तर तासाभरात हॉल रिकामा करून आजाऱ्यांच्या खाटा टाकता येतील. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्यासाठी फोनवरची उपासना चालूच ठेवायची. बोलणं अगदी बिनतोड होतं, आणि मावशींचं डोकं त्यामुळेच जास्त फिरलं.

"आणि माणसं बसणार कुठे?" त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, जरा आवाज करूनच.

"वाटेल तिथे," इंजिनियरसाहेब म्हणाले.

"म्हणजे आज इथे, उद्या तिथे?"

"हो. त्यात काय बिघडलं?"

"मग कोण आलं नाही ते कळायचं कसं? साहेब, बाक गेले ना, की माणसं हरवतील. सांगून ठेवते."

मावशी ट्रे सोडून हलेनात. शेवटी पाळकसाहेब मध्ये पडले. एक रविवार अंगणात भाड्याच्या खुर्च्या मांडून बघू, मग काय ते ठरवू.

त्या रविवारी मावशींनी गाल फुगवून खुर्च्या मांडल्या. मंडळी आली आणि शाळा सुटल्यासारखी अंगणभर पांगली. तिसऱ्या बाकावरच्या ताई थेट फाटकाशी. पाचव्यावरचे भाऊ नातीला घेऊन झाडाखाली. मावशींची नजर नुसती भिरभिरत होती. गीत संपेपर्यंत कसेबसे सगळे सापडले, एक सोडून. मागच्या ओळी पाहिल्या, कोपरे पाहिले, भिंतीलगत पाहिलं. घड्याळजी नव्हते.

मावशींनी मागचापुढचा विचार केला नाही. उपदेशाचं पहिलं वाक्य सुरू झालं आणि यांनी पायात चपला सरकवल्या. दुकानामागच्या खोलीचं दार बंद होतं. लॅचचं दार, माणूस आत आहे की बाहेर, कळायला मार्ग नाही. हाका मारल्या, थापा मारल्या, उत्तर नाही. शेजारचा बेकरीवाला पिठाच्या हातांनी धावत आला.

"घड्याळजींना सकाळपासून पाहिलंत का?" मावशींनी विचारलं.

"नाही बुवा."

झालं. बेकरीवाल्याने खांदा लावला आणि तिसऱ्या धक्क्याला लॅचसकट दार आत पडलं. आत पलंग नीट आवरलेला, भिंतीवर अकरा घड्याळं सुरळीत चाललेली, आणि माणसाचा पत्ता नाही. मावशी पायरीवर मटकन बसल्या.

तासाभराने घड्याळजी शीळ घालत गल्लीत आले. बघतात तो घरासमोर दहा-बारा माणसं, दार आडवं, आणि पायरीवर मावशी डोळे पुसतायत.

"अहो, होतात कुठे तुम्ही?" मावशी ओरडल्याच.

"चर्चमध्ये."

"काहीतरीच! मी सगळं अंगण पालथं घातलं!"

"पुढे बघितलंत का? पहिल्या ओळीत होतो."

पुढे मावशींनी त्यांना शोधलंच नव्हतं. घड्याळजी आणि पहिली ओळ, ही कल्पना त्यांच्या डोक्याला शिवलीच नव्हती. घड्याळजींनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा मावशींकडे. "कमाल आहे. ताप होता तेव्हा तुम्ही दार वाजवलंत. आज ठणठणीत आहे, तर तोडलंत. यापुढे मी आजारीच पडत जातो." सगळी गल्ली हसली. मावशींनाही रडता रडता हसू फुटलं.

गर्दी पांगल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पण पुढे का बसलात हो?"

"दिसावं म्हणून," घड्याळजी म्हणाले. "पहिल्यांदा आलो तेव्हा खांबामागचीच तेवढी जागा मोकळी होती. मग ती माझीच होऊन बसली. वीस वर्षं मला पाळकांचा फक्त डावा हात दिसलाय, मावशी. शेजारीही कधी कुणी नाही. आज शेजारी त्या पोस्टातल्या बाई होत्या. त्यांचं घड्याळ दोन वर्षं बंद आहे म्हणे. उद्या जाणार आहे बघायला." हे सांगताना म्हाताऱ्याचे कान लाल झाले.

बाकांनी माणसं सांभाळली होती, हे खरंच. पण त्याच बाकांनी एका माणसाला वीस वर्षं खांबामागे एकटं बसवलं होतं, आणि मावशी दर रविवारी त्याची जागा भरलेली बघून समाधानाने मान हलवत आल्या होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली. लाजेपेक्षाही फार वाईट वाटलं. घरी जाऊन त्या सुनेशीसुद्धा धड बोलल्या नाहीत.

पुढच्या बैठकीत चहाच्या आधीच त्या आत आल्या. "खुर्च्या आणा," त्यांनी सांगून टाकलं.

इंजिनियरसाहेबांचा खडू हवेतच राहिला. "म्हणजे तुमची हरकत नाही?"

"माझं एक ऐकायचं मात्र. जो बसेल त्याने आजूबाजूच्या चौघांचा नंबर घ्यायचा. कोण एकटं राहतं, कुणाकडे साधा फोन आहे, कुणाला औषधं आणून द्यावी लागतात, सगळं विचारायचं. पुढच्या रविवारी ते चौघं आलेत का, ते त्याने बघायचं. जागा बदलली की नवे चौघं. वर्षभरात एकेका माणसामागे विचारणारे पन्नास होतील. परत साथ येवो नाहीतर आणखी काही. गेल्या वेळी सगळी मंडळी माझ्या एकटीच्या डोक्यात होती. मीच तापाने पडले असते तर?"

हा विचार कुणाच्याच मनात आला नव्हता, खुद्द मावशींच्याही, त्या दार तोडण्याच्या दिवसापर्यंत. इंजिनियरसाहेबांनी फळ्यावरचा आराखडा वरून थोडा पुसला आणि मावशींचं म्हणणं सगळ्यात वर लिहिलं.

महिन्याभरात बाक निघाले, खुर्च्या आल्या. पहिल्या रविवारी मावशी आपल्या दाराशी उभ्या. चौथ्या ओळीतून घड्याळजींनी हात केला. एका बाजूला पोस्टातल्या बाई, दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी.

"उभ्या काय राहिलात? या की!"

मावशी दोन पावलं पुढे आल्या. "नको, मला तिथूनच बरं. मागचं कोण आलं, कोण नाही..."

"मागच्या दोन ओळी मी बघितल्या," पोस्टातल्या बाई म्हणाल्या. "चष्म्याच्या दुकानातल्या काकू नाहीत. पाय मुरगळलाय त्यांचा, आत्ताच बोलले त्यांच्याशी, दुपारी जाणार आहे. पलीकडच्या ओळी बेकरीवाल्या वहिनी बघतायत. तुम्ही बसा हो."

मावशी बसल्या. खुर्चीवरून त्यांना पुढची पाच-सहा डोकी दिसत होती, बाकी काही नाही. दोनदा मान मागे वळायला निघाली, दोनदा त्यांनी ती आवरली. तेवढ्यात पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले. चार वाक्यं झाली, पाच झाली, आणि मावशींच्या ध्यानात आलं, की या जागेत सव्वीस वर्षं काढून त्या उपदेश आज पहिल्यांदाच ऐकत होत्या.